'ग्रेट ईस्टर्न' खरंच पनवती जहाज होतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात 'ग्रेट ईस्टर्न' या जुन्या इंग्रजी जहाजावर आम्ही अर्ध्या पानाचं एक टिपण छापलं होतं आणि त्यात सहज एक वाक्य होतं की हे जहाज त्याच्या काळात अपशकुनी म्हणून बदनाम झालं होतं. त्या एका वाक्यावर निपाणी, खानापूर, चिकोडी, नंदगड, शहापूर आणि आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतून इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. समुद्र आपल्यापासून घाटाच्या पलीकडं, तरी जहाजाच्या गोष्टीत लोक एवढा जीव घालून विचारतात याचा खरंच आनंद झाला.

ज्यांनी ते टिपण वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल हा इंग्लंडचा नावाजलेला इंजिनिअर, त्याच्या डोक्यातून निघालेलं हे जहाज लंडनला थेम्स नदीच्या काठावर मिलवॉलला बांधलं गेलं, १८५४ ला काम सुरू झालं आणि १८५८ च्या जानेवारीत ते एकदाचं पाण्यावर तरंगलं. लांबी ६९२ फूट, म्हणजे फुटबॉलची दोन मैदानं एकापुढं एक लावा, तेवढं. चार हजार माणसं बसायची सोय, पाच धुरांडी, सहा डोलकाठ्या, दोन्ही अंगाला पाणी कापणारी छप्पन फुटी चाकं आणि शिवाय मागं पाण्यात फिरणारा पंखा. एवढं मोठं कशाला, तर वाटेत कुठंही कोळसा न भरता थेट ऑस्ट्रेलियाला जाता यावं म्हणून. याच्यापेक्षा लांब जहाज जगात पुढं १८९९ पर्यंत कुणी बांधलं नाही.

निपाणीहून एक वाचक विचारतात: सर, जहाज मोडताना आत माणसाचा सापळा सापडला, बांधताना एक रिव्हेट (प्लेटा जोडायचा लोखंडी खिळा) मारणारा कामगार आणि त्याचा पोरगा आतच चिणले गेले होते आणि त्यांच्या आत्म्यानं जहाजाला सुखानं जगू दिलं नाही, असं मी व्हिडिओत बघितलं. खरं काय ओ हे?

या जहाजाची सगळ्यात गाजलेली गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी जहाजाची रचना बघा. 'ग्रेट ईस्टर्न'ला दोन कवच होती, एक बाहेरचं आणि एक आतलं, आणि दोन्हीच्या मधे साधारण दोन फूट दहा इंच मोकळी जागा. म्हणजे माणूस उतरू शकतो, वाकून काम करू शकतो, खरं नीट उभा राहून हात-पाय हलवायला जागा नाही अशी ती पोकळी. सगळं जहाज लोखंडी प्लेटांचं आणि त्या प्लेटा जोडायला जवळजवळ तीस लाख रिव्हेट, सगळे हातानं ठोकलेले. एक पोरगा भट्टीत रिव्हेट लाल करायचा, दुसरा तो उचलून भोकात घालायचा, एकजण मागून दाबून धरायचा आणि पुढून दोघं हातोडे घालायचे. त्या पोकळीत काम करायला अंगानं लहान पोरं लागायची म्हणून पोरंच आत घालायची, आणि अशा शेकडो टोळ्या एकाच वेळी हातोडे घालत असताना आतल्या माणसानं ओरडलेलं बाहेर ऐकू येणं शक्यच नव्हतं. गोष्ट जन्माला आली ती इथं, कारण ऐकणाऱ्याला ती लगेच पटते.

आता पुरावा. जहाज १८८९ मधे लिव्हरपूलसमोर मर्सी नदीच्या काठावर मोडायला घेतलं. ते इतकं भक्कम होतं की दीड-दोन वर्षं लागली, लोखंडी गोळा वरून सोडून सोडून प्लेटा फोडाव्या लागल्या. तेव्हा सापळा सापडला, शेजारी हत्याराची पिशवी सापडली, असं पुढं सांगितलं जाऊ लागलं, खरं त्या वेळचा असा एकही पक्का कागद नाही जो दाखवून म्हणता येईल की हे बघा, झालं होतं. विचार करा, जगातलं सगळ्यात मोठं जहाज, अख्ख्या इंग्लंडचं लक्ष त्याच्यावर, त्यातून मानवी हाडं निघाली असती तर पोलीस आले असते, मृत्यूची चौकशी बसली असती, पेपरनी पानं भरली असती.

दुसरं म्हणजे ती पोकळी काही कायमची बंद केलेली पेटी नव्हती. तिचे कप्पे होते, आत उतरायला वाटा होत्या, आणि १८६२ ला न्यूयॉर्कजवळ एका खडकानं जहाजाचं बाहेरचं कवच फाटलं तेव्हा तर दुरुस्तीची माणसं तिथं महिनोन् महिने राबली. त्याच दुरुस्तीच्या वेळची आणखी एक गोष्ट सांगतात, की पाण्याखाली काम करणाऱ्यांना कवचावर ठक्-ठक् ऐकू यायला लागलं, कामगारांनी काम टाकलं, चिणलेला माणूस ठोकतोय म्हणाले, आणि शेवटी शोधलं तर बाहेर लोंबकळणारा एक सुटा अवजड तुकडा लाटेबरोबर कवचावर आपटत होता. ही गोष्ट महत्त्वाची का, तर यावरून कळतं की भुताची कुजबुज जहाज जिवंत असतानाच होती. म्हणजे सापळा सापडला म्हणून गोष्ट झाली नाही, गोष्ट आधीपासून होती आणि जहाज मोडल्यावर तिला तिचा शेवट मिळाला.

आणि हे आपल्याला नवीन नाही हो. तळ्याला पाणी लागेना म्हणून घरची धाकटी सून भागीरथी बळी गेली ही कन्नड लोककथा आपल्या सीमेवरच्या कितीतरी मराठी घरातल्या आज्यांनाही पाठ आहे. पूल, बुरूज, तळं, जिथं जिथं माणसाच्या ताकदीबाहेरचं काम उभं राहतं तिथं तिथं 'याच्या पायात कुणीतरी गेलंय' ही गोष्ट येतेच. मला अशा गोष्टींची चेष्टा करावीशी अजिबात वाटत नाही. कारण 'ग्रेट ईस्टर्न' बांधताना माणसं खरोखरच गेली होती. कुणी उंचावरून पडलं, आणि जहाज नदीत ढकलताना साखळी आवरणाऱ्या चाकाचे दांडे उलटे गरगरा फिरले तेव्हा ते धरून उभे असलेले मजूर अक्षरशः फेकले गेले, त्यात जीव गेला. चिणलेला रिव्हेटवाला खोटा असेल, खरं त्याच्या जागी असलेली ही माणसं खरी होती आणि त्यांची नावं फारशी कुणी सांगत नाही, सापळ्याची गोष्ट मात्र दीडशे वर्षांनंतरही व्हिडिओत चालते.

उद्यमबागेतून एक फिटर लिहितात: पहिल्याच फेरीत बॉयलर फुटला म्हणून लिहिलं होतं. मी बॉयलरवर काम केलंय, बॉयलर असा आपोआप फुटत नाही. नेमकं काय झालं होतं?

तुमची शंका एकदम बरोबर आहे. बॉयलर फुटलाच नव्हता, आमच्या टिपणात घाईनं तसं छापलं गेलं.

तारीख ९ सप्टेंबर १८५९, जहाज चाचणीच्या फेरीवर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला हेस्टिंग्जजवळ. चाकांच्या इंजिनाच्या दोन धुरांड्यांना खालच्या भागात पाण्याचं जॅकेट बसवलं होतं, म्हणजे धुरांड्याभोवती दुसरा नळकांडा आणि मधे पाणी. फायदा दुहेरी, बॉयलरला जाणारं पाणी आधीच गरम होतंय आणि धुरांडं ज्या भारी दिवाणखान्यातून वर जातं तो दिवाणखाना तापत नाही. त्या जॅकेटमधनं एक उभा पाइप वर उघड्यावर नेलेला होता, की वाफ झालीच तर तिथून निघून जावी. आता मेख बघा, जॅकेटची पाण्याच्या दाबानं टेस्ट घेताना त्या पाइपवर एक स्टॉपकॉक, म्हणजे पाइप बंद करायची तोटी, बसवला होता. टेस्ट झाली, कॉक काढायचा राहिला, आणि तो बंदच होता. सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. खाली भट्ट्या पेटलेल्या, आत पाणी कोंडलेलं. तुम्ही पुढचं मी न सांगता सांगाल.

पुढचं धुरांडं, काही टन वजनाचं, डेक फोडून वर उडालं. दिवाणखान्याची आरशांसकट राखरांगोळी झाली, खरं पाहुणे त्या वेळी तिथून बाहेर पडलेले होते म्हणून वाचले. खाली भट्टीवर कोळसा टाकणारी माणसं मात्र उकळत्या पाण्यानं आणि वाफेनं भाजली आणि त्यातली पाचजण गेली. दुसऱ्या धुरांड्यालाही तसंच जॅकेट, तसाच कॉक, तोही बंद! एका इंजिनिअरच्या ते ध्यानात आलं, त्यानं तो उघडवला आणि कोंडलेली वाफ सुटली, नाहीतर काही मिनिटांत दुसरा स्फोट ठरलेला होता.

चौकशीच्या ज्युरीनं 'अपघाती मृत्यू' असा निकाल दिला. मला राग येतो तो इथं. जहाज बांधणारा म्हणाला ती जबाबदारी माझी नव्हती, कंपनीची माणसं म्हणाली जहाज अजून बांधणाऱ्याच्याच ताब्यात होतं, आणि बाहेर लोक म्हणाले जहाजच पनवती. एक कॉक कुणी उघडायचा हे ठरलेलं नव्हतं म्हणून पाच माणसं उकडून मेली, याला नशीब म्हणायचं? शिफ्ट बदलताना 'हा व्हॉल्व्ह बंद आहे' हे पुढच्या माणसाला सांगणं किती महत्त्वाचं ते तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगू.

तुमच्याच कामाशी जवळची अजून एक गोष्ट. जहाज नदीत सोडायला नोव्हेंबर १८५७ मधे सुरुवात केली आणि ते थोडं सरकून अडकलं ते जानेवारी संपेपर्यंत. थेम्स अरुंद, म्हणून ते आडवं, कुशीवर सरकवायचं होतं, वजन बारा हजार टनांच्या घरात, आणि खाली लोखंडावर लोखंड घासतंय. शेवटी कामी आले ते हायड्रॉलिक जॅक! बर्मिंगहॅमच्या टँगाय बंधूंचा तेव्हा लहानसा कारखाना होता, त्यांचे जॅक लावून लावून जहाज इंच-इंच ढकललं, आणि त्या एका कामानं ते बंधू इतके पुढं आले की आम्ही 'ग्रेट ईस्टर्न'ला पाण्यात सोडलं आणि तिनं आम्हाला वर आणलं, असं ते म्हणायचे. आपल्या बेळगावात हायड्रॉलिकचे एवढे कारखाने आहेत, तिथल्या पोरांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

खानापूरहून एक शिक्षिका विचारतात: स्फोटाची बातमी ऐकून ब्रुनेलनं प्राण सोडला आणि नंतर कॅप्टनही बुडाला. शिवाय जहाजाचं नाव मधेच बदललं होतं, ते अशुभ मानतात. एवढे योग एकाच जहाजाच्या वाट्याला कसे?

बाई, तारखा लावून बघू. ब्रुनेलला जहाजावरच पक्षाघाताचा झटका आला तो ५ सप्टेंबरला, स्फोटाच्या चार दिवस आधी. तो आधीपासून मूत्रपिंडाच्या आजारानं खंगलेला होता, त्यात रात्रंदिवस काम आणि सिगार. स्फोट ९ ला, तो गेला १५ ला, वय फक्त त्रेपन्न. शेवटच्या दिवसांत ती बातमी त्याला कळली आणि मनाला लागली असेल, त्यात शंका नाही, खरं 'बातमीनं मारलं' हे म्हणायला ते आधीचे चार दिवस विसरावे लागतात. गोष्ट सांगणाऱ्यांनी ते विसरलेत.

कॅप्टन विल्यम हॅरिसन जानेवारी १८६० मधे गेला ते खरं, पण 'ग्रेट ईस्टर्न'वर नाही, तर साउदॅम्प्टनला किनाऱ्यावर जाताना छोटी बोट वादळी वाऱ्यात उलटली. त्या काळी अशा छोट्या बोटी उलटून किती खलाशी जायचे याला हिशोब नव्हता.

नावाचं म्हणाल तर सोडायच्या कार्यक्रमात 'लेव्हायथन' असं नाव ठेवलं आणि नंतर 'ग्रेट ईस्टर्न' म्हणून नोंदलं. लोक आधीपासूनच दुसरंच नाव घेत होते. याच्यापलीकडं त्यात काही नाही.

खरी पनवती कुठली होती सांगू का, पैसा. बांधणाऱ्या जॉन स्कॉट रसेलचं दिवाळं कामाच्या मधेच निघालं, मग कंपनी बुडाली, दुसरी कंपनी आली, तिच्याकडं ऑस्ट्रेलियाच्या फेरीला लागणारं भांडवल उरलं नव्हतं म्हणून जहाज घातलं न्यूयॉर्कच्या मार्गावर, जिथं याच्यापेक्षा लहान जहाजं स्वस्तात आणि वेळेत जात होती आणि जिथं एवढं मोठं जहाज लावायला धड धक्केही नव्हते. जून १८६० ची न्यूयॉर्कची पहिली फेरी, चार हजारांची जागा आणि भाडं भरून बसलेले प्रवासी ३५! लांब पल्ल्यासाठी बांधलेली वस्तू जवळच्या फेऱ्यांना जुंपली, की ती तोट्यातच जाणार. १८६४ मधे लाखो पौंडांचं हे जहाज २५,००० पौंडांना विकलं गेलं.

शहापूर, बेळगावहून एक आजोबा लिहितात: आमच्या वडिलांच्या तोंडी ऐकलेलं की जगातली सगळ्यात मोठी आगबोट एकदा मुंबईला आलेली. ती हीच काय?

हीच, आजोबा! आणि तुमचं पत्र आलं नसतं तर या जहाजाची सगळ्यात चांगली बाजू सांगायची राहून गेली असती.

१८६४ ला विकलं गेल्यावर या जहाजाला खरं काम मिळालं, समुद्राच्या तळाशी तारेची केबल टाकण्याचं. तोपर्यंत अडचण ही होती की अटलांटिक ओलांडेल एवढी अखंड केबल पोटात घेऊन जाईल असं जहाजच नव्हतं, अर्धी-अर्धी दोन जहाजांवर घालून मधेच जोडावी लागायची. 'ग्रेट ईस्टर्न'नं ती सगळी एकटीनं उचलली. एक धुरांडं आणि काही बॉयलर काढून आत मोठमोठ्या टाक्या केल्या, त्यात केबल वेटोळं करून पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे वरचं गटापर्चाचं (रबरासारख्या झाडाच्या चिकाचं) आवरण खराब होत नाही, आणि मागच्या बाजूनं ब्रेक लावलेल्या चाकांवरून हळूहळू समुद्रात सोडायची. बाजूची चाकं आणि मागचा पंखा दोन्ही असल्यानं जहाज जागच्या जागी वळवता, सावरता यायचं. प्रवासी जहाज म्हणून जे अवजड वाटत होतं तेच इथं कामाला आलं. १८६५ मधे केबल भर अटलांटिकमधे तुटून तळाला गेली, तेव्हा पुन्हा पनवतीची बोंब झाली. पुढच्याच वर्षी, २७ जुलै १८६६ ला, नवी केबल आयर्लंडहून न्यूफाउंडलंडला पोचवली, आणि तेवढ्यावर न थांबता माघारी जाऊन आदल्या वर्षी तुटलेलं टोक दोन मैलाहून खोल पाण्यातून गळ टाकून वर काढलं, जोडलं आणि तीही लाइन पुरी केली. दोन मैल खोल, अंदाजानं, गळ टाकून! हे वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

मग मुंबई. १८६९ च्या शेवटी 'ग्रेट ईस्टर्न' इंग्लंडहून केबल भरून निघाली. सुएझचा कालवा त्याच नोव्हेंबरात उघडला होता पण त्यात ती मावणार नव्हती, म्हणून आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून आली. इकडच्या उन्हात पोटातली केबल तापू नये म्हणून काळं जहाज पांढऱ्या रंगानं रंगवलं होतं. जानेवारी १८७० च्या शेवटी ती मुंबईत लागली आणि फेब्रुवारीत कॅप्टन रॉबर्ट हॅल्पिनच्या हाताखाली तिनं मुंबईपासून अरबस्तानच्या एडन बंदरापर्यंतची केबल टाकली. पुढं एडन ते सुएझ तांबड्या समुद्रातली लाइन दुसऱ्या जहाजांनी केली, भूमध्य समुद्रातनं माल्टा, जिब्राल्टर करत जून १८७० मधे टोक इंग्लंडच्या पोर्थकर्नो गावच्या किनाऱ्याला लागलं, आणि मुंबई-लंडन समुद्रातून जोडली गेली. त्याआधी इराणच्या आखाताकडून जाणारी तार होती, खरं निरोप जागोजागी परत पाठवावे लागत, कित्येक दिवस लागत आणि मजकुराचा चोथा होऊन पोचत.

आपल्या भागाचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातला जिल्हा, इथं छावणी, आणि बेळगाव-धारवाडच्या काळ्या मातीतला कापूस मुंबईवरून लिव्हरपूलला जायचा. लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्याला बोटीच्या डाकेनं किंवा त्या रेंगाळणाऱ्या जुन्या तारेनं कळायचा, तो आता समुद्रातल्या तारेनं कळायला लागला. तो फायदा शेतकऱ्यापर्यंत किती आला हा वेगळा आणि दुखरा विषय आहे, खरं जगाचा भाव आणि आपला भाव त्या दिवसांपासून एकमेकाला जोडले गेले आणि ती गाठ मारायला हेच 'पनवती' जहाज मुंबईच्या बंदरात उभं होतं. तुमच्या वडिलांच्या कानावर ती गोष्ट त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून आली असणार. लिहून ठेवा आजोबा, असल्या ऐकीव गोष्टी घरातनं गेल्या की गेल्याच.

चिकोडीहून अकरावीतला एक विद्यार्थी विचारतो: टायटॅनिकपण अनलकी, हे पण अनलकी. मग टायटॅनिक बुडालं आणि हे का बुडालं नाही?

भारी प्रश्न आहे बाळा. २७ ऑगस्ट १८६२ ला न्यूयॉर्कजवळ मॉन्टॉक टोकापाशी नकाशात नसलेल्या एका खडकाला 'ग्रेट ईस्टर्न' घासली आणि बाहेरच्या कवचाला ८३ फूट लांब आणि ९ फूट रुंद असं भगदाड पडलं. जहाज जरा कललं, आणि तसंच चालत न्यूयॉर्कला गेलं, कारण आतलं कवच शाबूत होतं. आता टायटॅनिक, १९१२. हिमनगानं केलेल्या फटी सगळ्या मिळून बारा चौरस फुटांच्या आसपास असाव्यात असा अंदाज त्याच जहाजाच्या बांधणीतल्या तज्ञानं चौकशीत मांडला होता, म्हणजे एका दरवाज्याएवढंही नाही, आणि तरी जवळजवळ पंधराशे माणसं गेली. फरक हा की टायटॅनिकला दुहेरी कवच फक्त तळाला होतं, कुशींना नव्हतं, आणि कप्प्यांच्या भिंती पुरेशा उंच नेलेल्या नव्हत्या, त्यामुळं एक कप्पा भरला की पाणी वरून पुढच्या कप्प्यात. ब्रुनेलनं दुहेरी कवच पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत आणलं होतं आणि भिंती भरपूर उंच ठेवल्या होत्या. त्याला खर्च येतो, माल ठेवायची जागा जाते, म्हणून मधल्या पन्नास वर्षांत कंपन्यांनी ते सोडून दिलं.

म्हणजे बघ, ज्या जहाजाला सगळे अनलकी म्हणत होते त्यानं एवढ्या मोठ्या भगदाडातनं आपले सगळे प्रवासी सुखरूप पोचवले.

बेळगावचाच एक फुटबॉलवेडा वाचक: लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर या जहाजाचा खांब आहे म्हणतात, खरं का?

खरं आहे. जहाज मोडल्यावर एका डोलकाठीचा तुकडा क्लबनं घेतला आणि कॉप नावाच्या प्रेक्षकांच्या स्टँडच्या बाहेर झेंड्याचा खांब म्हणून उभा केला, तो आजही तिथं आहे. तो असताना लिव्हरपूलनं किती कप जिंकले ते तुम्हालाच जास्त ठाऊक.

नंदगडहून एक वाचक: आपली 'रामदास' बोट अमावास्येला निघाली म्हणून बुडाली असं आमच्या घरात सांगायचे. आमच्या आजीचे भाऊ मुंबईत गिरणीत होते, ते त्या दिवशी जायचे होते पण गेले नाहीत. ह्याच्यात तरी अपशकुन मानायचा का नाही?

तुमच्या घरात ही गोष्ट नुसती दंतकथा नाही, कुणाच्या तरी जिवाशी आलेली आहे, म्हणून जपून लिहितो.

१७ जुलै १९४७, स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आषाढ अमावास्या, गटारी, सणाला गावाकडं निघालेली कोकणी माणसं, कोळी, बाजार करून परतणाऱ्या बायका, बोट गच्च. ऐन पावसाळा, खवळलेला समुद्र. मोठी लाट एका अंगावर आदळली, बोट कलली, घाबरलेली माणसं दुसऱ्या अंगाला धावली, आणि काही मिनिटांत सगळं संपलं. भाऊच्या धक्क्यापासून जेमतेम काही मैलावर, आणि मुंबईला हे कळायला संध्याकाळ झाली, तेही पोहून वाचलेल्यांनी किनाऱ्याला लागून सांगितलं तेव्हा. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जेवढे जीव काढता आले तेवढे काढले.

अमावास्येचं म्हणाल तर जुन्या दर्यावर्दी माणसाच्या सावधपणात तथ्य आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात आणि समुद्राला उधाण येतं, भरती जास्त चढते आणि ओढही जास्त असते. शिवाय आषाढ-श्रावणात कोळी होडी ओढून किनाऱ्याला ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊनच परत पाण्यात लोटतात, कारण ते दोन महिने समुद्र माणसाचा नसतो हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या बघितलंय. तेव्हा 'अमावास्येला समुद्रावर जाऊ नको' म्हणणारी तुमची आजी चुकीचं सांगत नव्हती. फक्त त्या दिवशी भर पावसाळ्यात एवढी माणसं भरून बोट सोडायची का नाही हे अमावास्येनं ठरवलेलं नव्हतं, धक्क्यावरच्या माणसांनी ठरवलं होतं.

तुमच्या आजीच्या भावांनी त्या दिवसाबद्दल आणखी काही सांगितलेलं घरात कुणाला आठवत असेल, ते का थांबले, धक्क्यावर गर्दी कशी होती, नंतर गिरणीतल्या कोणकोणाच्या घरी रडारड झाली, तर आम्हाला लिहून पाठवा, आम्ही शब्द न बदलता छापू.